एक नंबरची खुर्ची

ये गं, अशी जवळ बस. लांब बसलीस तर मला ओरडून बोलावं लागेल, आणि रागवायचं तर आहेच, मग घसा कशाला बसवून घेऊ? हिंजवडी काय परदेशात आहे का? आंबे संपले, वर्षाचे गहू भरून झाले, तरी तुझा पत्ता नाही. बहिणीची लेक म्हणून मांडीवर वाढवली तुला, आणि आता तुझं तोंड दिसतं ते फोनच्या काचेत. त्यातही परवा रडलीस. कशासाठी, तर प्रोग्राम लिहिण्यातली मजा गेली म्हणून.

"मावशी, मी आता काही लिहीतच नाही," म्हणालीस. "एआय लिहितं. मी बघते आणि हो म्हणते. दिवसभर नंदीबैलासारखी मान हलवायची. सोडून द्यावंसं वाटतं सगळं."

मी तोंड उघडायच्या आत तुझी मीटिंग लागली. म्हणून तू समोर बसली आहेस असं समजून हे लिहून ठेवतेय. कागदाला मीटिंग नसते.

रडू नकोस बाई. चीड. चिडण्यात फार ताकद असते, आणि मजाही असते. या वर्षी मी एका माणसावर सूड उगवला, त्याची गोष्ट सांगते. पण आधी थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर तुला वाटेल म्हातारी उगाच एका खुर्चीसाठी भांडली.

तुझ्या आईनं तुला सांगितलंच असेल, मी कॉम्प्युटरच्या कुठल्या क्लासाला गेले नाही. मी टायपिस्ट. सरकारी कचेरीत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून दिवसभर साहेबांची पत्रं बडवायची. मग एक दिवस कचेरीत कॉम्प्युटर आला. त्याला वेगळी खोली, काचेचं दार, आत एसी, आणि दाराबाहेर पाटी: चपला बाहेर काढाव्यात. आत जायचं ते ट्रेनिंग घेतलेल्या चारपाच जणांनी. बाकीच्यांनी काचेतून दर्शन घ्यायचं. मी एकदा चपला काढून दाराला हात लावला, तर आतला एकजण खुर्चीतून न उठता म्हणाला, "बाई, तुमचं काम टायपिंगचं. इथं धूळ चालत नाही."

धूळ म्हणे. मी इस्त्रीची साडी नेसून आले होते.

माझ्या आजीला गावात देवळाच्या पायरीवरून परत फिरवत. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली आणि देवळाचा प्रश्नच मिटवून टाकला. तुम्ही येऊ देत नाही ना, आम्हाला यायचंच नाही. मला वाटायचं, ते आमच्यापाशी संपलं. ते काचेचं दार बघितलं आणि वाटलं, देव तेवढा बदलला, पुजारी तेच आहेत. पण या वेळी मी वडिलांसारखी पाठ फिरवणार नव्हते. हा देव मला हवा होता.

बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात प्रोग्रामिंगचं एक पुस्तक मिळालं. वरचं कव्हर गेलेलं, मधे कुणाच्या तरी चहाचा डाग. सगळं इंग्रजीत. एका मांडीवर ते, एका मांडीवर शब्दकोश. कॉम्प्युटर नव्हताच, म्हणून कचेरीतले बाद कागद आणून पाठकोऱ्या बाजूवर प्रोग्राम लिहायचे आणि भाकरी थापता थापता डोक्यात चालवायचे. इथून इथे गेला, ही अट खरी ठरली, मग परत वर. भाकरी करपली की समजायचं, प्रोग्राम कुठेतरी गरगर फिरत बसलाय.

त्या चारपाच जणांत एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना स्वारगेटची बस गाठायची घाई असायची. एकदा जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले, शिपाई कुलूप लावायला येतो तासाभरानं. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटली की मी अनवाणी आत. त्या उशिराच्या तासात, दुसऱ्याच्या खुर्चीवर, दाराकडे एक कान ठेवून मी शिकले. पुढे त्याच कचेरीत पगारपत्रकांचे प्रोग्राम मी लिहिले, आणि धूळवाले गृहस्थ माझ्याकडे चुका दुरुस्त करून घ्यायला येत. मी त्यांना चपला बाहेर काढायला लावायची. पाटी कधीच निघाली होती, तरी लावायची.

हं, तर आता या वर्षीचं.

आमच्या पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, तू पाहिली आहेस. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथं बसतात. अकोल्याची, बुलढाण्याची, यवतमाळची. खोल्या एवढ्याशा, एकेकीत चारचार जण, अभ्यास कुठे करणार? म्हणून अभ्यासिकेची खुर्ची म्हणजे त्यांना सोनं. आणि खुर्ची मिळवायची पद्धत काय, तर जागा धरायची. बाटली ठेवा, टॉवेल टाका, एखादं जाडं पुस्तक ठेवा आणि स्वतः खाली चहाला जा. एका टॉवेलवरून मारामारी झाली, तेव्हा मी निवृत्तीनंतर पहिला प्रोग्राम लिहिला. दारात जुना कॉम्प्युटर, मुलांनी येऊन आपला नंबर दाबायचा, तो खुर्ची देणार. टॉवेल बंद.

त्यात मी एक गोष्ट मुद्दाम घातली होती. खिडकीकडच्या रांगेतल्या काही खुर्च्या तो संध्याकाळपर्यंत कुणालाच द्यायचा नाही. त्या कामावरून येणाऱ्यांसाठी. कुणी कारखान्यात, कुणी दुकानात, कुणी डबे पोचवून येणारा. मुलं त्यांना 'उशिराच्या जागा' म्हणत. खरं सांगू? बाकी सगळा प्रोग्राम त्या खुर्च्यांसाठीच होता. टॉवेल हे निमित्त.

दिसायला तो गबाळा होता. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, आणि नंबराऐवजी कुणी नाव टाकलं की रुसून बंद पडायचा. पण वर्षानुवर्षं चालला.

मग ट्रस्टवर नवे कार्याध्यक्ष आले. मोठ्या कंपनीत मॅनेजर होऊन निवृत्त झालेले. आपल्याच समाजातले, आपल्याच वस्तीत लहानाचे मोठे झालेले, आता कोथरूडला राहायला. मी त्यांना साहेबच म्हणते. एका रविवारी बैठकीत त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि नवं ॲप दाखवलं. रंगीत. खुर्च्यांचा नकाशा, बोट लावलं की जागा आपली. म्हणाले, जेवण झाल्यावर वामकुक्षीच्या वेळात एआयकडून करून घेतलं. सगळे वा वा म्हणाले. मग मला पुढं बोलावलं, अंगावर शाल घातली, हातात गुलाब दिला, आणि माइकवर म्हणाले, "ताईंच्या प्रोग्रामनं फार सेवा केली. आता त्यालाही निवृत्ती देऊया. हे विणकाम आता हातानं करायचे दिवस गेले, ताई."

टाळ्या वाजल्या. आपल्याकडे माणूस नको झाला की शाल घालतात.

मी घरी आले, शाल घरातल्या कॉम्प्युटरवर टाकली आणि ठरवलं, हे ॲप बंद पडणार, आणि साहेब माझ्या दारात येणार. त्या दिवशी काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं. चहासुद्धा विचारायचा नाही.

मग रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून विहारात जायला लागले. फुलं बदलायची, मेणबत्त्या नीट लावायच्या, आणि जिन्यातून उतरणाऱ्या मुलांना हळूच विचारायचं, काय रे, चालतंय का ते? हो आजी, मस्त चालतंय. दुसऱ्या दिवशी परत. चालतंय का? एकदम भारी, आजी. एक मुलगा तर म्हणाला, आजी, तुमचा पण चांगलाच होता. 'पण' ऐकलंस ना? त्या पोराला मी महिनाभर विहारातली खीर कमी वाढली.

बंद पडेचना. मग मी साहेबांकडे कोड मागितला. म्हटलं, बघू तरी. त्यांनी लगेच पाठवला आणि खाली लिहिलं, 'जरूर बघा, शिकायला मिळेल.' तिथं माझ्या डोक्याची शीर अशी उडायला लागली.

स्क्रीनवर वाचून मला राग नीट येत नाही. म्हणून झेरॉक्सच्या दुकानातून सगळा कागदावर काढून आणला, दिवाणावर पसरला आणि तांदूळ निवडावेत तसा एकेक ओळ सरकवत बसले. खडा शोधत. एक सापडू दे, एकच, मग त्या शालीची घडी करून साहेबांच्या हातात देते की नाही बघ.

पहिली पानं गेली, खडा नाही. दुसऱ्या दिवशी पुढची, खडा नाही. मी जे करायला दोन पानं घालवली होती ते त्यानं तळहाताएवढ्या जागेत केलेलं. कुणी नंबराऐवजी नाव टाकलं तरी रुसायचं नाही, नम्रपणे परत विचारायचं. चांगलं होतं गं. मेलं चांगलं होतं. मला इतका संताप आला की भाजी फोडणीला टाकायची विसरले आणि परत वाचायला बसले.

जे कळलं नाही ते मी एआयलाच विचारायला लागले. तूच नाही का मागच्या खेपेला माझ्या फोनमध्ये घालून दिलं होतंस. मी मराठीत लिहायची, ते मराठीत उत्तर द्यायचं. इतकं गोड बोलतं, की पुण्याबाहेरचं असणार हे पहिल्या दिवशीच कळलं. 'आपला प्रश्न अतिशय उत्तम आहे.' मी लिहिलं, कौतुक राहू दे, असं का केलंस ते सांग. सांगितलं. मी लिहिलं, पटलं नाही. त्यानं परत सांगितलं. मी म्हटलं, अमुक झालं तर? तेव्हा ते म्हणालं, हो, तिथे चूक होऊ शकते. अगं, मी ओट्यावर तांब्या आपटून नाचले. पुढच्या प्रश्नावर त्यानंही मला पकडलं. मीच चुकले होते. असे कितीतरी दिवस गेले. सकाळी उठल्या उठल्या मला कागद आठवायचे. भाकरी परत करपायला लागली, आणि भाकरी करपलेली पाहून मला कचेरीचे दिवस आठवले. सूड घ्यायला बसले होते आणि तरुणपणीची ती भूक परत लागली होती. कुणाला सांगायची सोय नव्हती. दुश्मनाचा कोड आवडला हे कुठल्या तोंडानं सांगणार?

आणि मग खडा सापडला.

खुर्च्यांची यादी जिथं तयार होते तिथं मोजणी दोनपासून सुरू झाली होती. मी थांबले. मशीन शून्यापासून मोजतं, माणूस एकापासून. दोनापासून कोण मोजतं? चष्मा पुसला. दोनच होतं. मी तशीच चपला घालून अभ्यासिकेत गेले आणि एक नंबरची खुर्ची शोधली. खिडकीजवळ, पंख्याच्या बरोबर खाली, अभ्यासिकेतली सगळ्यात चांगली जागा. आणि तिच्यावर साहेबांच्या चष्म्याचं घर ठेवलेलं. साहेब संध्याकाळी तिथं बसून पेपर वाचत. सगळ्यांना माहीत होतं, मीही कितीदा पाहिलं होतं. पण टॉवेल टाकायचं काम आता कोडकडून करून घेतलंय, हे तेव्हा कळलं.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. उतरताना मी जिन्यात गाणं गुणगुणत होते.

जिन्यातच ती मुलगी बसली होती. बुलढाण्याकडची, सडपातळ, वेणीला नेहमी कुठंतरी पीठ लागलेलं. ती सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये पहाटेपासून पोळ्या लाटते, दुपारी भांडी आवरते आणि संध्याकाळी अभ्यासिकेत येते. माझ्या प्रोग्रामवर तिची खिडकीची खुर्ची ठरलेली. आता पायरीवर पुस्तक मांडीवर घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देण्यासाठी गुडघे आत ओढत बसलेली. मी विचारलं, वर का नाही बसत?

"जागाच भेटत नाही आजी," ती म्हणाली. "पहाटे पाचला सुटतात मोबाइलवर, अन् लगेच सरतात. तवा माझे हात कणकीत असतात."

माझं गाणं तिथंच थांबलं. उशिराच्या जागा नव्या ॲपमध्ये नव्हत्याच. मी सगळा कोड वाचला होता, नसलेली गोष्ट मला दिसली नव्हती. असलेली ओळ चुकली तर सापडते गं, नसलेली कशी सापडणार? ती सापडायला जिन्यात बसलेलं कुणीतरी दिसावं लागतं. तिची परीक्षा तोंडावर आली होती. वडील म्हणत होते, या वेळी नाही झालं तर परत ये, स्थळ पाहिलंय.

मी साहेबांना भेटले. सूडबुद्धी बाजूला ठेवून, अगदी अहो-जाहो करत सांगितलं की त्या उशिराच्या खुर्च्या परत घाला, म्हणजे काम करणारी मुलं बसतील. साहेबांनी मला नियम समजावून सांगितले. सवलतींनीच आपला समाज मागं राहतो म्हणाले. ज्याला शिकायचंय तो पाचला उठेल म्हणाले. मी म्हटलं, ती चारला उठते. तर म्हणाले, "ताई, एकदा नियम केला की केला. मशीनला ना काका, ना मामा. हेच तर तिचं सौंदर्य आहे."

हे वाक्य मी जपून घरी आणलं. लोणच्यासारखं मुरवत ठेवलं.

दुपारी एआयला घेऊन बसले. म्हटलं, हा तुझाच कोड आहे, यात उशिराच्या जागा घालायच्या आहेत. त्यानं विचारलं, कुणाला द्यायच्या, कधीपर्यंत राखायच्या, कुणी खोटं सांगितलं तर? म्हणजे बघ, विचारतं ते. सांगणारा पाहिजे. मी सांगत गेले, ते लिहीत गेलं, मी खोडत गेले. कामावरून येणाऱ्यांकडून पुरावा मागायचा का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, मागायचा नाही. दमलेला माणूस दिसतो. शेवटी मी ती दोनापासूनची मोजणी एकावर आणली आणि एक नंबरची खुर्ची उशिराच्या जागांमध्ये टाकली. आयुष्यात हजारो ओळी लिहिल्या असतील, पण तो एक आकडा बदलताना जे सुख झालं ते कशात नाही.

मग राहिली पाटी. उशिराच्या जागेवर भलत्याच माणसानं बोट लावलं तर स्क्रीनवर काय यावं? इथं माझं आणि एआयचं जोरात भांडण झालं. ते लिहायचं, 'आदरणीय सदस्य, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.' मी म्हणायची, अपमान कर. ते म्हणायचं, 'क्षमस्व, ही जागा सध्या उपलब्ध नाही.' मी म्हटलं, बोचलं पाहिजे, पण बोट ठेवायला जागा नको. ते आणखी मऊ व्हायचं. शेवटी मीच लिहिली. तुला वाटतं ना, आता माणसाला काय काम उरलं? हे उरलं.

अभ्यासिकेच्या खात्याचा पासवर्ड माझाच होता, साहेबांनी बदललाही नव्हता. ठरवलं असतं तर त्याच संध्याकाळी गुपचूप ॲपवर चढवलं असतं. बोट तिथंवर नेलं होतं. पण मला अनवाणी, दाराकडे कान ठेवून बसायचा कंटाळा आला होता. एक आयुष्य पुरे झालं तसं. आणि सूड चोरून घेतला तर बघणार कोण?

पौर्णिमेला वंदना झाली की खाली सतरंजीवर बैठक बसते. मी पुढं जाऊन बसले. विषय संपत आले तेव्हा म्हटलं, साहेब, तुम्ही मला ते फार छान समजावलं होतं, मशीनचं. जरा सगळ्यांना सांगा. साहेब खूश झाले. घसा साफ करून त्यांनी ते सगळं परत सांगितलं. नियम, शिस्त, ना काका ना मामा. बायकांनी माना डोलावल्या.

"मग एक नंबरच्या खुर्चीवर कुठले काका बसतात?" मी विचारलं.

मग मागून एका म्हातारीनं खुदकन आवाज काढला, आणि पदर तोंडाला लावलेल्या सगळ्याच हसायला लागल्या. साहेब म्हणाले, ती जुनी सवय आहे, पंख्याखाली बरं वाटतं, त्यात काय एवढं. मी मोजणीचं सांगितलं. सावकाश, सगळ्यांना कळेल असं. शून्य कुठलं, एक कुठला, दोन कुठला. मग जिन्यातल्या मुलीचं सांगितलं. तिला हाक मारली नाही. दारातल्या चपलांपाशी उभी होती, तिथंच राहू दिली. हसू हळूहळू बंद झालं.

साहेब चिडले. "म्हणजे तुमची ती हिरवी स्क्रीन परत आणायची का? लिहिणार कोण हे सगळं?"

"लिहून झालंय," मी म्हटलं आणि फोन पुढं केला.

"एआयकडून?"

"हो. तुम्ही त्याला खुर्ची मागितली, त्यानं खुर्ची दिली. मी जागा मागितल्या."

ठराव झाला. हात वर करताना साहेबांनी पंख्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मेणबत्त्या नीट लावायला वर गेले. विहार खाली आहे, मेणबत्त्याही खालीच असतात, तरी वर गेले. साहेब पेपर काखेत घेऊन आले. एक नंबरच्या खुर्चीवर ती मुलगी बसली होती, वेणी पाठीवर टाकून, मान खाली. साहेबांनी मोबाइल काढून बोट लावलं. मी लिहिलेली पाटी आली: 'ही जागा कामावरून येणाऱ्यांसाठी आहे. आपण कामावरून आला असाल तर जरूर बसावे.'

त्यांनी ती दोनदा वाचली असावी, कारण ओठ हलत होते. टेबलावर सरकवून ठेवलेलं चष्म्याचं घर उचललं आणि ते जिना उतरून गेले. मुलीनं मान वर केली नाही. तिला ते दिसलेही नसतील. ती वाचत होती.

आता रस्त्यात मी दिसले की साहेब छत्री उघडतात, ऊन असो नसो. मुलीची परीक्षा झाली, निकाल यायचाय, पण वडिलांनी ते स्थळ सध्या लांबवलंय. तुझी आई म्हणते, जाऊ दे, वय झालंय त्यांचं, एकदा जाऊन बोल. मी नाही जाणार. माफ करायची घाई मला कधीच नव्हती. ती शाल मात्र मी वर नेऊन दिली. पंख्याखाली संध्याकाळी गार लागतं, पांघरतात पोरं.

आता तुझं. तू म्हणतेस, काही उरलं नाही. मला सांग, आपण चपला काढून, धूळ झटकून, एवढ्या मुश्किलीनं त्या खोलीत पोचलो, आणि बरोबर तेव्हाच लोक सांगायला लागले की या खोलीत आता काही राहिलं नाही, दिवे मालवा. आणि तू मालवायला निघालीस? मी तर आता हलतच नाही. कुणी म्हणालं ना, ताई, आता हे मशीन करतं, की मी म्हणते बरं, आणि वाचायला बसते. एवढं सुख मला पगार मिळत होता तेव्हाही नव्हतं.

तू नंदीबैलासारखी मान हलवतेस त्यातला एखादा कोड कागदावर काढ. दोनापासून कुठं मोजलंय ते शोध. कुणाची तरी खुर्ची राखलेली असेलच, आणि कुणीतरी जिन्यात बसलेलं असेल. ते नाही सापडलं तर माझं नाव बदल. आणि सापडलं की मग बघ कशी झोप उडते. हो म्हणायचं काम तुला दिलंय ना त्यांनी? मग एकदा नाही म्हणून बघ. चव कळेल.

एवढं सगळं फोनवर होत नाही. म्हणून ये. आपल्या अभ्यासिकेच्या प्रोग्राममध्ये आणखी एक खडा आहे. मला सापडलाय, पण मी काढला नाही आणि एआयलाही सांगितलं नाही. तुझ्यासाठी ठेवलाय. कागद दिवाणावर तसेच पसरलेत, तुझ्यामुळे मी खाली गादी घालून झोपते, आणि या वयात माझी कंबर त्यावर खूश नाही. तेव्हा लवकर ये. बाकी कधीही ये, फक्त गुरुवारी नको, गुरुवारी पाणी नसतं.